भातगिरणीची हमाल

कॉलेज सोडल्यावर दोन वर्षं मी पनवेलला मामांच्या इन्कमटॅक्स वकिलीच्या ऑफिसात बसलो. शिकलो काहीच नाही. किस्से मात्र इतके साचले की एक सांगायला घेतला की मागचे ढकलाढकली करतात. आणि बहुतेकांत मूर्खपणा वडीलधाऱ्यांचाच.

*

एक रिटायर्ड हेडमास्तर आले. पाय मोडून बरेच दिवस अंथरुणात होते. बायकोनं सेवा केली, तिचा पगार खर्चात धरता येईल का, म्हणाले. मामांनी विचारलं, पगार दिला होता का?

मास्तर खवळले. "बायकोला कोण पगार देतो?"

यांनीच आम्हाला नीतीचे धडे दिले!

*

भातगिरणीवाले शेठ त्याहून हुशार. त्यांच्या आईचं अंग लुळं पडलेलं. तिचं सगळं करायला कोन गावची हिराबाई दिवसभर घरी असे. पण घरच्या बाईचा पगार धंद्याच्या खर्चात बसत नाही. म्हणून शेठनी तिला गिरणीची हमाल दाखवली! टॅक्स तेवढाच कमी.

मामा म्हणाले, "चालतंय." वकिलीची सनद त्यांच्या डोक्यावरच टांगलेली होती.

*

हिराबाईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग मना हमालांची सुट्टी पन द्या, शेट."

हमालांना आठवड्याला सुट्टी, हिला दिवाळीलाही नाही. शेठना त्या दिवशी अचानक कमी ऐकू यायला लागलं.

*

एकदा हमालांच्या पगारपत्रकावर सही आणायला शेठच्या घरी गेलो. म्हातारी चांगली जाडजूड, हिराबाई माझ्या खांद्याएवढी. तिनं एक हात म्हातारीच्या मानेखाली, दुसरा गुडघ्यांखाली घातला, कानाशी काहीतरी पुटपुटली आणि उचललं. काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसं, जराही न हिंदकळू देता खुर्चीत ठेवलं.

मी सही न घेताच परत आलो.

*

मग इन्कमटॅक्सचे इन्स्पेक्टर आले. गिरणीत एकेका हमालाला समोर बोलावलं. हिराबाई कुठे? शेठ घाम पुसत त्यांना घरी घेऊन गेले. मागोमाग मामा आणि मी.

इन्स्पेक्टरनी तिला म्हातारीच्या खाटेशी पाहिलं आणि तिथल्या तिथे खर्च नामंजूर केला. शेठ हिराबाईवरच भडकले. उद्यापासून येऊ नकोस, माझ्या खिशातून हे परवडणार नाही.

हिराबाईनं खोचलेला पदर सोडला.

म्हातारी एरवी फारसं बोलत नसे. म्हणाली, "मग आता तू बसव मला खुर्चीत."

शेठनी बाह्या सारल्या, वाकले. हात कुठे घालायचे ते कळेना. मामा खिडकीबाहेर बघायला लागले. इन्स्पेक्टरनी पेनाला टोपण लावलं.

हिराबाई पुढे झाली. शेठचा हात धरून तिनं म्हातारीच्या मानेखाली नेला.

"पोत्यावानी नका धरू, शेट. आई हाय ती."