उलटा करून झाडलेला डबा

संतानचा फोन आला तेव्हा मी माळ्यावर आढीतले आंबे बघत होतो. "गुरुजी, सर गेले... झोपेतच," एवढंच तो बोलला. संतान म्हणजे या सरांना, आमच्या दिगूला, बेटावर नेणारा होडीवाला. हातातला आंबा मी परत पेंढ्यात ठेवला. त्याला आता महिना होऊन गेला.

प्राध्यापक दिगंबर तुळसकर, आम्हा शिरोडकर गावकऱ्यांचा दिगू, माझा शाळेपासूनचा मित्र. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्याची हयात उंदरांमागे गेली. समोरच्या खडकाळ बेटावर सुरय पक्षी उघड्यावर अंडी घालतात. कधीकाळी होड्यांतून तिथे उंदीर पोचले आणि अंडी-पिल्लं फस्त करू लागले. ते हटवायचे कसे, हेच त्याचं संशोधन. गाव त्याला 'उंदीरमास्तर' म्हणायचा, मीही चिडवायचो. पण सापळ्यातला उंदीर मारताना त्याचा चेहरा मी पाहिलाय. "ह्येचो काय गुन्हो? आमीच ह्येका हंय आणलंव," म्हणायचा. अशा माणसाला निर्दयी म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

कित्येक वर्षं सापळे, आमिषं, पुन्हा मोजणी... आणि एका उन्हाळ्यात बेटावर एकही उंदीर सापडला नाही. मला इतका आनंद झाला की दिगूच्या बेटावरच्या तंबूवर करंडीभर हापूस पाठवला, पेंढ्यात नीट रचून. बेटावर जाणारी प्रत्येक पिशवी धक्क्यावर झाडायची, हा त्याचा नियम होता. पण माझी, गुरुजींची, करंडी कोण झाडणार? पुढच्या वर्षी पक्षी आले आणि फुटलेली अंडी सापडू लागली.

दिगू थेट माझ्या माळ्यावर चढला. पेंढा उचलून खालच्या लेंड्या पाहिल्या, उतरला आणि चहा मागितला. "एक गाभण मादी पुरे," म्हणाला. अहवालात मात्र त्याने चूक स्वतःची लिहिली आणि बैठकीत मान खाली घालून बोलणी खाल्ली. "माझा नाव घाल रे," मी हात जोडून म्हटलं. तर म्हणतो, "तुझा नाव घातलंय तर पुढच्या वर्साक आंबे कोण पाठयतलो?" आणि घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला.

मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. बेट दुसऱ्यांदा मोकळं झालं, तोवर तो निवृत्त झाला होता आणि गुडघे कामातून गेले होते. त्याची ती वर्षं मी खाल्ली, हे मी कुणापाशीच बोललो नव्हतो.

परवा त्याच्या विद्यार्थिनी मोजणीला निघाल्या. मी एकेक आंबा पुसून डबा भरला आणि धक्क्यावर गेलो. कुणी सांगायच्या आधीच आंबे चटईवर ओतले, डबा उलटा करून झाडला. आणि बोलून गेलो, "संतान, तो उंदीर माझ्या पेंढ्यातून गेलेलो."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "माका म्हायत आसा, गुरुजी. ती करंडी होडयेर मीच चढयलंय... झाडूक नाय. सरांनी माका पण सांगल्यांनी, चूक त्येंचीच म्हणान."

आम्ही दोघांनी खाली बसून आंबे परत भरले, एकेक निरखून. संतानने झाकण दाबून बसवलं. मी ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं.