कोंबडीची पिल्लं आणि गच्चीवरचे बिबडे

जळगावच्या उन्हाळ्यात सकाळी दहालाच आमच्या घरच्या खिडक्या बंद व्हायच्या. मुलगी पाचवीत होती. चष्मा तिसरीतच लागलेला आणि दर सहामाही तपासणीला नंबर अर्ध्या-पाऊणने वाढतच होता. उन्हाने डोळे बिघडतात अशी माझी ठाम समजूत, म्हणून मी तिला दिवसभर मधल्या अंधाऱ्या खोलीत पुस्तकं देऊन बसवायची. गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत पडले की शेजारची पोरं कावळे हाकायला बसत. माझ्या लेकीला त्यातून सूट.

नंबर उणे साडेतीनवर गेला तेव्हा मात्र मी हबकले. असाच वाढत गेला तर पोरीचं काय होणार?

नेहमीचे डोळ्यांचे डॉक्टर नंबर लिहून मोकळे होत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "दिवसभर असते कुठे ही?"

मी अभिमानाने सांगितलं. ते हसले. "म्हणजे पोरीचं कोंबडीचं पिल्लू केलंत तुम्ही!"

मला राग आला. त्यांनी कागद पालथा करून डोळ्याचं चित्र काढलं. परदेशात पिल्लांच्या एका डोळ्यावर धूसर टोपी बसवून पाहिली होती म्हणे. झाकलेला डोळा मागे लांबत गेला आणि त्याच्या पडद्यातलं डोपामिन नावाचं रसायन कमी झालं. उजेड पडला की डोळ्याचा पडदा हे रसायन सोडतो. बहुधा तोच मागच्या भिंतीला निरोप असतो, की आता पुरे, वाढू नकोस. निरोप कमी पडला तर डोळा लांबतो आणि दूरचं धूसर दिसतं.

कागदाहून पातळ पडदा, आणि आपलं घर केवढं असावं हे तो उजेड मोजून ठरवतो! मी गणित शिकवते. इतका नेटका हिशोब मी पाहिला नव्हता.

"मग ते रसायनच औषध म्हणून द्या ना," मी म्हटलं.

"माणसाच्या नंबरासाठी नाही ते. पिल्लांचं माणसाला लागू पडतं हेही सिद्ध झालेलं नाही. हिला उजेडाने फरक पडेल, हा माझा अंदाज आहे. पण सकाळ-संध्याकाळ उघड्यावर बसली तर बिघडणार काय? फक्त सूर्याकडे बघायचं नाही."

मी सांगतो तेच खरं, असं म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले. 'हा अंदाज आहे' असं स्वतःहून सांगणारे हे पहिलेच.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गच्चीच्या जिन्याच्या सावलीत लेक काठी घेऊन बसली. शेजारच्या धुळ्याकडच्या अक्कांनी सगळी गच्ची तिच्यावर सोपवली आणि अहिराणीत ओरडल्या, "आते बठ्ठी गच्ची तुनी शे, चष्मावाली! एक बी बिबडा गया ना, तर तुले पाहीन!"

"अक्का, कावळा मला लांबून दिसत नाही," लेक म्हणाली.

"मंग काठी फिरावत ऱ्हाय!"

सहा महिन्यांनी नंबर फक्त पावने वाढला. पुढच्या खेपेलाही पावच. वाढ थांबली नव्हती, चाल मंदावली होती. मी बिबड्यांचा डबा घेऊन गेले.

"डबा ठेवा, श्रेय नको," डॉक्टर म्हणाले. "एका पोरीवरून काही ठरत नाही. आपोआपही मंदावली असेल."

तरी मी लेकीची गच्ची बंद केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात वह्या तपासायलाही मी लेकीशेजारी जिन्यावरच बसू लागले, आणि मधल्या खोलीत आम्ही बिबड्यांचे डबे ठेवले.