खडूने लिहिलेलं नाव

दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आमच्या सिग्नल युनिटची बॅटरी चार्जिंग रूम होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी, गायकवाड, तिथे लान्स नाईक होतो. आठवीत शाळा सोडून हिंगोलीहून भरती झालेलो. बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर कसा वाचायचा हे सुभेदार यादवसाहेबांनी हात धरून शिकवलं. त्या विद्येवर आज माझं घर चालतं. त्यांचे उपकार विसरलो नाही, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

काम सकाळी सहाला सुरू व्हायचं. नियम दोन. पहिला: उतरलेली बॅटरी आधी चार्ज करायची, मग डिस्टिल्ड वॉटर घालायचं. चार्ज होताना पाणी वर चढतं. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं आणि टर्मिनल खातं. दुसरा: ज्याने बॅटरीला हात लावला, त्याने तिच्यावर खडूने तारीख आणि नाव लिहायचं.

माझ्यासोबत लान्स नाईक सतबीर सिंग होता, पानिपतचा. त्याचं घर दोन तासांवर, माझं दोन गाड्या बदलून. त्याला दर महिन्याला घरचं तूप यायचं. मी व्होल्टमीटर तीनदा लावून बघायचो, तो बॅटरीला नुसता कान लावून सांगायचा, "चौथा सेल ढीला सै." आणि चौथाच निघायचा. वर म्हणायचा, "म्हारे पानीपत आ ज्या मराठे, इबकै जीत ज्यागा." म्हणजे, ये आमच्या पानिपतला, या खेपेला जिंकशील. सगळी रूम हसायची. मीही हसायचो. आतून जळायचो.

त्याच दिवसांत वरच्या पहाडी पोस्टवर जाणाऱ्या डिटॅचमेंटसाठी, म्हणजे छोट्या तुकडीसाठी, एक बॅटरीवाला हवा होता. जो जाईल तो नाईक होणार. नाव यादवसाहेब देणार होते. मला नाईकची ती फीत हवी होती.

साहेबांनी मयूर विहारमध्ये सोसायटीचा फ्लॅट घेतला होता. त्यांच्या आईला दमा, दुपारी रोज लाइट जायची, म्हणून इन्व्हर्टर आणला. आईचं वाफेचं मशीन त्यावरच चालायचं. बॅकअप कमी पडायला लागला, तेव्हा एका रविवारी साहेब म्हणाले, "तुम्हा दोघांपैकी कोणीतरी बघून या." मी सतबीरला न सांगता निघालो.

बॅटरी उतरलेली, पाणी खाली गेलेलं. चार्ज करून थांबायचं तर संध्याकाळ झाली असती, आणि तेवढ्यात साहेबांचं ऐकून सतबीरही आला असता. मी आधीच पाणी भरलं, काठोकाठ. चार्जर लावला, झाकणावर खडूने तारीख आणि नाव लिहिलं. वहिनींनी दिलेला चहा पिऊन परत आलो.

दहा दिवसांनी दुपारी १४:१० ला चार्जिंग रूमचा फोन वाजला. साहेबांनीच उचलला. घरून वहिनी बोलत होत्या. लाइट गेली होती, इन्व्हर्टर बंद, आईला श्वास घेता येत नव्हता.

"सतबीर, चार्ज्ड बॅटरी. गायकवाड, गाडीत बस."

१४:५८ ला पोचलो. सतबीर बॅटरी खांद्यावर घेऊन तीन मजले चढला. आई खिडकीशी बसल्या होत्या, ओठ निळे. शेजारीण पुठ्ठ्याने वारा घालत होती. सतबीरने जुनी बॅटरी सोडवली, नवी जोडली. मशीन घरघरलं. थोड्या वेळाने आई म्हणाल्या, "बेटा, पानी पी ले." त्या सतबीरला म्हणाल्या.

जुन्या बॅटरीचं टर्मिनल हिरवट-पांढरं होऊन खाल्लं गेलं होतं. मला बघताक्षणी कळलं. सतबीरलाही. साहेब आतल्या खोलीतून येत होते. त्याने ॲसिड मारायला खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि टर्मिनलआधी बॅटरीचं झाकण पुसलं. माझं नाव गेलं.

"क्या हुआ था?" साहेबांनी विचारलं.

"टर्मिनल ढीला था, साब."

मी जुनी बॅटरी उचलली. सतबीरच्या चांगुलपणाचाही मला राग आला.

सोमवारी डिटॅचमेंटच्या यादीत नाव सतबीरचं होतं. ट्रकवर चढताना त्याने हात पुढे केला. मी म्हणालो, "चार्जर बघायचाय," आणि आत गेलो.

चार महिन्यांनी सकाळच्या रेडिओ चेकला त्यांची पोस्ट बोलली नाही. ऑपरेटरने तीनदा विचारलं, "रेडिओ चेक, ओव्हर." नंतर कळलं, बर्फ घसरला होता. दोघे गेले. त्यातला एक सतबीर.

रिटायर झाल्यावर मी मयूर विहारलाच राहिलो, घरोघरचे इन्व्हर्टर बघतो. साहेबांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं सांगून टाकलं.

साहेब म्हणाले, "मुझे पता था. फडक्यावर खडू होता."

"मग मला काहीच का बोलला नाहीत?"

"तू तर रोज स्वतःलाच बोलत होतास. आणि सतबीरला काम येतं म्हणून नाही पाठवला. काम तुलाही येत होतं. वर थोडी माणसं, महिनोन्महिने एकत्र. तिथे दुसऱ्याची चूक पुसणारा लागतो."

आई आतून हाक मारत होत्या. मी त्यांच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतली पाण्याची पातळी बघितली, झाकणं लावली, खडू काढला. तारीख लिहिली, माझं नाव लिहिलं. खरं सांगतो, त्या क्षणीही मला सतबीरचा हेवा वाटला.

नाईक सतबीर सिंग, पानिपत. त्याचा हात मी धरला नाही.