पिवळ्यावर निळं

१९४६ सालचा चैत्र. लढाई संपली होती, पण नगरच्या बाजारात रंग मिळत नव्हता. माझ्या बोर्ड रंगवायच्या दुकानात दोनच रंग उरले होते, पिवळा आणि निळा. त्यावर दुकान चाललं तर ठीक, नाहीतर मला पुन्हा सडकेवर खडी फोडायला जायचं होतं. वापरातल्या डब्याच्या काठावर रंगाचे थर चढत जातात, तसे त्या दिवसांचे किस्से चढत गेले.

आम्ही तिघं. अक्षरं याकोब काढायचा, तो मिशनच्या शाळेत शिकलेला. दगडू बैलगाड्या रंगवायचा. बाकी सगळं मी.

*

बेलापूरचा एक हॉटेलवाला आला. म्हणाला, "लाल बोर्ड पायजे."

"लाल नाही."

"मग काय हाय?"

"पिवळा आणि निळा."

"आनि?"

"निळा आणि पिवळा."

तो हसला आणि काम देऊन गेला. बोर्ड झाल्यावर मी त्याला रस्त्याच्या पार टोकाला नेऊन उभं केलं. विचारलं, "वाचता येतंय?"

"वाचाया मला जवळनंबी येत न्हाई, पेंटर. पर दिसतंय लई!"

*

घोडेगावच्या बाजारात बैल विकायचे म्हणून एका शेतकऱ्यानं दगडूकडून गाडी रंगवून घेतली. पिवळी गाडी, चाकांना निळे पट्टे. बैल उठून दिसावेत एवढाच हेतू.

बाजार उठल्यावर तो बैलांचे कासरे धरून पायी परत आला.

दगडूनं विचारलं, "बैल खपलं न्हाईत व्हय?"

"बैलाकडं बगतंय कोन! गाडी इकली गेली!"

*

एका शिंप्याची भिंत होती. पिवळा वाचवायला दगडूनं मला न विचारता पहिला हात हळदीच्या पाण्याचा मारला. भिंत ताज्या चुन्याची. हळदीला चुना लागला आणि भिंत कुंकवासारखी लाल झाली!

शिंपी खूश. "पेंटर, लाल न्हाई म्हनला हुता ना? ठेवनीतला काढला का?"

याकोब हसू दाबत म्हणाला, "आता आपल्या दुकानाच्या बोर्डावर लालही मिळेल म्हणून लिहू का?"

मी दगडूच्या हातात खरवडणी दिली. शिंप्याला लाल आवडला होता. मला नव्हता, हळदीचा रंग उन्हात उडून जातो.

*

मग कर्जतला पॅसेंजरची मोटार चालवणारे एक शेठ आले. त्यांना लालच हवी होती.

मी म्हणालो, "लाल सगळ्यांच्या आहेत. माळावरच्या धुळीत तुमची मोटार पॅसेंजरला कोसावरून ओळखू आली पाहिजे. पिवळी करा, पट्टा आणि नाव निळ्यात."

"नाही आवडली तर?"

"मजुरी देऊ नका."

पिवळा पुरला. निळा अर्ध्या पट्ट्यावर संपला. बाजारात थेंब नाही.

याकोब मला घेऊन त्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला. ईस्टरला दारं रंगवायची म्हणून त्यांनी निळ्याचा एक डबा राखून ठेवला होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ईस्टरच्या आत परत हवा."

"देतो," मी म्हणालो. कुठून देणार, ते मलाही माहीत नव्हतं.

मोटार झाली. शेठ तिच्याभोवती दोनदा फिरले. "दुसरीही अशीच करा. मजुरी किती?"

"मजुरी नको. मुंबईहून मोटारीचं सामान आणता, त्यात निळ्याचे दोन डबे आणा. एक माझा, एक देवाचा."

डबे ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी आले. मी एक उचलला, थेट चर्चवर गेलो आणि दारं स्वतः रंगवली. दोन हात मारले.

पाळकसाहेब आले. मी डबा पुढे केला. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"पेंटर, हा तर रिकामा आहे!"

"रंग दारावर आहे, साहेब. मोजून घ्या."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग डबा हातात घेतला.

"फिटलं," ते म्हणाले.