फाटकावरचं रजिस्टर

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यातली चूक माझ्या हातची आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता लिहून टाकतो.

नागपूरच्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. उजव्या हाताला पट्टी बांधून एक बाई तक्रार द्यायला आल्या. घरी ब्लाऊज शिवून पोट भरणाऱ्या. शिवलेले कपडे पोचवायला जाताना एका बंगल्याच्या उघड्या फाटकातून कुत्रा धावून आला होता. त्या सांगत असतानाच बंगलेमालकांचा मला फोन आला: 'तो कुत्रा आमचा नाही, मोकाट आहे.' आमच्या ठाण्यातला पाण्याचा कूलर त्यांनीच दिलेला. मी स्टेशन डायरीत 'मोकाट कुत्रा चावला' एवढी एक ओळ लिहिली आणि बाईंना दवाखान्यात पाठवलं. गुन्हा नोंदवायला हवा होता. नोंदवला नाही.

काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. त्यांनी मालकांवर भरपाईचा दावा लावला होता आणि मालकांच्या वकिलाने उत्तरात माझ्याच नोंदीची नक्कल जोडली होती.

"साहेब, दोन बोटं वळत नाही. कात्री धरता येऊन नाही राहिली. अन् तुमच्या कागदानं मले खोटं पाडलं."

मी डायरीतली ती ओळ काढून पुन्हा वाचली.

"मोकाट कुत्रं धा दिवस एकाच फाटकात बसते काय? डॉक्टर बोलले, धा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, मेलं त लगेच सांगा. मी रोज पाहाले जाओ. चौकीदार हासे, 'आली भेटाले? त्याची तब्येत टकाटक हाये, तुमची सांगा!' अन् नाव लिहून घे."

"नाव? कशात?"

"रजिस्टरात."

मी ठाणेदारांपुढे सगळं कबूल केलं. "यात तूच अडकशील," ते म्हणाले. "अडकतो, साहेब." उशिरा का होईना, गुन्हा नोंदवला आणि चौकीदाराला बोलावलं.

"कोणतं रजिस्टर? आमच्याकडं तसं काही नाही."

मी आवाज चढवला नाही. चहा मागवला. माणूस धमकीने तोंड मिटतो, पण त्याच्या कामाला नाव ठेवलं की बोलतो.

"म्हणजे फाटकातून कोणीही येतं-जातं? तू झोपा काढतोस?"

तो उसळला. "काहून साहेब! दूधवाल्याचंबी नाव लिहितो मी. मालकाचाच हुकूम हाये!"

पंचांसमक्ष रजिस्टर जप्त केलं. ओळीने दहा दिवस बाईंचं नाव, वेळ आणि कारणाच्या रकान्यात: 'आपल्या बंगल्याचा कुत्रा पाहणे'.

कोर्टात मालकांच्या वकिलाने मला विचारलं, "मग तुमची डायरीतली नोंद खोटी समजायची?"

"खोटीच आहे. मी लिहिली."

हे मी तोवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. विभागीय चौकशीत माझी वेतनवाढ रोखली गेली. दावा मात्र बाईंनी जिंकला; बोटांच्या शस्त्रक्रियेचा खर्चही मालकांवर बसला.

शस्त्रक्रिया झाली. टाके निघाल्यावर महिनाभराने त्या ठाण्यात आल्या. माझ्या टेबलावरची कात्री उचलली आणि कोरा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापून दाखवला.

"पाहा साहेब, जमून राहिलं!"

हवालदारांपासून ठाणेदारांपर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कुठल्याही बक्षिसाला तसा आवाज झाला नव्हता.

त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत समोर तक्रारदार बसलेला असताना फोन वाजला, तर मी तो वाजू दिला. आधी त्याचं म्हणणं लिहिलं.