बावीस फुटांवरचा दगड

रविवारची दुपार. शाळा बंद, फाटकाला आतून कडी. मैदानाच्या मधोमध वीतभर खड्डा करून रेवतीने यंत्र बसवलं आहे, आणि आता चाळीस मिनिटं तिथं कुणी पाऊलही टाकायचं नाही. जमीन सतत थरथरत असते, माणसाला कळणार नाही इतकी बारीक. यंत्र तेवढं ऐकतं. खडक भरभर थरथरतो, खोल गाळ संथ झुलतो, आणि भूकंपात तोच गाळ सगळ्यात जास्त हलतो. शहराच्या नकाशावर गाळाच्या चौकोनांना ती लाल रंग देते, खडकाच्या चौकोनांना हिरवा.

एकच चौकोन राहिला आहे. हा. यंत्र इथं दोनदा म्हणालं, गाळ. पण तिच्या मांडीवरच्या वहीत वडिलांच्या, शिदू बोअर मिस्त्रींच्या अक्षरात लिहिलं आहे, 'बुजवलेलं तळं. शाळेच्या पायाची तपासणी. रविवार, २२ फेब्रुवारी. बावीस फुटांवर पाषाण.' पाषाण म्हणजे खालचा अखंड खडक. त्या एका ओळीवर ही शाळा उभी राहिली. त्याच ओळीवर आता आणखी दोन मजले चढायचे आहेत. उद्या हा चौकोन हिरवा होऊन नकाशा गेला की परवानगी. आप्पांना जाऊन चौदा महिने झाले. त्यांचा शब्द तिने कधी खोडलेला नाही.

ती ओसरीच्या खांबाला टेकते. कडुनिंबाची सावली पायांवर येते, जाते. डोळे मिटले असं तिला वाटत नाही. फक्त मैदान जरा लांब जातं.

मग पावलं. एक जड, एक हलकं. बोअरचा रॉड पायावर पडल्यापासून आप्पा असेच येत.

"आप्पा, यंत्र लावलंय. पावलं टाकू नका ना."

"अगं, मी मेलोय," ते म्हणतात. "माझं वजन कुठनं येणार?"

ते शेजारी बसतात. अंगाला तोच वास, ग्रीसचा आणि ओल्या दगडाच्या भुकटीचा.

"काय ऐकतंय तुझं हे डबडं?"

"जमीन."

"मग, काय म्हणती ती?"

रेवती वही झाकते.

"मला भिऊन गप? एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी होय गं?"

ते तिचा हात धरून उठवतात. ओसरीची एकच पायरी आहे, पण ती उतरल्यावर आणखी पायऱ्या लागतात, ओल्या, दगडी, घाटाच्या. कडुनिंबाची मुळं डोक्यावर राहतात. ती वर बघते. शहर वर तरंगतं आहे. रस्ते, मंडई, पाण्याच्या टाक्या, इस्पितळ, सगळं भाकरीच्या पापुद्र्याएवढं पातळ. त्याखाली काळा गाळ, गाळात गोगलगायींचे पांढरे शंख. त्याखाली मुरूम. आणि फार फार खोल, खडक.

खडकातून एक लाट येते, आवाज न करता. खडकात ती बोटभर आहे. गाळात शिरते आणि पुरुषभर उंच होते, सावकाश, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तशी. वर छपरं, खांब, वर्गातले बाक एका लयीत उचलले जातात, खाली बसतात. तिला भीती वाटायला हवी. तिचे हात आपोआप जोडले जातात.

"एवढं मोठं आहे हे, आप्पा?"

"चाळीस वर्षं भोकं पाडली मी त्याला. मला एवढंच दिसायचं." ते दोन्ही हातांची बोटं जुळवून सहा इंचांचं वळं करतात.

पुढे गाळात एक धोंडा अडकला आहे, बैलगाडीएवढा. त्याच्या खाली पुन्हा गाळच. त्याच्या पाठीवर बोअरचं भोक, जेमतेम हातभर खोल.

"दगड लागला की आणखी दहा फूट जायचं," रेवती हळूच म्हणते. हे त्यांनीच शिकवलेलं. "गाळात एखादा सुटा धोंडा फसवतो."

"हं."

"मग?"

"त्या दिवशी तुझी स्कॉलरशिपची परीक्षा. तीनला सुटणार हुतीस. मागल्या खेपेला मला उशीर झाला तर फाटकाशी रडत बसलेलीस."

"मी नव्हते रडले."

"बरं, नव्हतीस." ते हसतात. मग हसत नाहीत. "दहा फुटांना दोन तास गेले असते. दगड खणखणीत वाजला. म्हटलं, हाच पाषाण."

तिला आठवतं. घंटा व्हायच्या आधीच ते फाटकाशी उभे होते, गुडघ्यापर्यंत काळा चिखल, हातात दोन पेरू.

"आप्पा, खोडू?"

ते वर बघतात, झुलणाऱ्या बाकांकडे.

"पेन आणलंयस न्हवं?"

यंत्राची शिटी वाजते. ऊन ओसरीवर चढलं आहे. फाटकाची कडी आतून तशीच. मैदानातल्या धुळीत तिच्याच चपलांच्या ठशांखेरीज कसलीच खूण नाही.

रेवती वही उघडते. 'पाषाण' या शब्दावर एक सरळ रेघ ओढते, वर लिहिते, 'सुटा धोंडा. खाली गाळ.' शेजारी स्वतःची सही. नकाशातला चौकोन लाल करते, कोपऱ्यांपर्यंत.

मग ती यंत्र उचलायला जाते आणि पडद्यावरची नोंद बघते. तिसऱ्यांदा तोच संथ झोका. फक्त अकराव्या मिनिटाला त्या झोक्यावर बारीक टोकं उमटली आहेत. यंत्राजवळ येणारी, मग लांब जाणारी, मग थांबलेली. एक मोठं, एक लहान. एक मोठं, एक लहान.

ती नोंद शेवटपर्यंत सरकवत नेते. परतीची पावलं नाहीत.