आत्याचा डावा कान

चौलच्या आनंदीबाईंचा उजवा कान लहानपणी गोवरात गेला, तो कायमचा. उरलेल्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या डाव्या कानावर त्यांनी घर, वाडी आणि अर्धी आळी चालवली. भाऊ अण्णा अलिबागच्या कोर्टात कारकून. वहिनी लवकर वारली, तेव्हा वर्षाची कुमुद आनंदीबाईंनीच वाढवली. दुपारी त्या पडवीत सुपाऱ्या सोलायला बसल्या की कुमुद डाव्या हाताला येऊन बसे. आत्याच्या मांडीवर कोपर, मुठीवर जबडा, आणि कानाशी लागून वर्तमानपत्राचं वाचन. आत्याला त्यात एवढं सुख वाटे की सुपाऱ्या संपूच नयेत.

कुमुद तेराची झाली, तेव्हा तिचा खालचा जबडा डावीकडे सरकलेला दिसू लागला. शाळेत पोरी चिडवत. अण्णांनी तिला मुंबईला नेऊन दातांना तार बसवून घेतली. वर्ष झालं तरी जबडा ढिम्म हलेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला फरक नसेल तर तार काढून टाकू.

त्या खेपेला आनंदीबाई स्वतः रेवसहून लाँचमध्ये बसल्या. डॉक्टरला दोन शब्द सुनवायचेच होते.

"तुमच्या तारेपेक्षा आमची सुतळी बरी!" दवाखान्यात त्या कडाडल्या.

डॉक्टर हळू आवाजात काहीतरी बोलले. ते आत्याला सांगायला कुमुद सवयीनं डावीकडून सरकली. मांडीवर कोपर, जबड्याखाली मूठ.

डॉक्टर ताडकन उठले. "ही रोज अशीच बसते?" त्यांनी मोठ्यांदा विचारलं.

"रोज. दोन-दोन तास," आनंदीबाई अभिमानानं म्हणाल्या.

"मग तार ओढते एकीकडे आणि मूठ ढकलते दुसरीकडे! मान सरळ हवी, जबड्याखाली मूठ लावणं बंद. आणखी सहा महिने बघू."

आपल्या लाडानंच पोरीचं नुकसान केलं, हे आनंदीबाईंच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुमुदचा पाट उचलला आणि समोर, चार हातांवर मांडला; जवळ बसली की कोपर मांडीवर येणारच. आता कुमुदला ओरडून वाचावं लागे. शेजारच्या मनुबाईंची मात्र चंगळ झाली. "अगो, ती धरणाची बातमी परत वाच!" त्या कुंपणापलीकडून फर्मावत. आठवड्यात कुमुदचा घसा बसला. मग आनंदीबाई तिच्या ओठांकडे टक लावून बघू लागल्या. आधी आकडे कळले, मग नावं, आणि दिवाळीपर्यंत निम्मं वर्तमानपत्र.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी जबड्याला मोजपट्टी लावून पाहिली, पुन्हा लावली, आणि कुमुदच्या पाठीवर थाप मारली. काय म्हणाले ते आनंदीबाईंना ऐकू आलं नाही. जीव मुठीत धरून त्यांनी पोरीकडे पाहिलं. ती समोर येऊन उभी राहिली आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "सरळ होतोय, आत्या."

आनंदीबाईंना रडू आवरेना.

"इतकी वर्षं कानाशी घेऊन बसले गं तुला," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या तोंडाकडे बघायला परक्या माणसाकडून शिकले."